तांब्या, मडके आणि गॅदरिंग : आमच्या विद्यार्थ्यांची कला कुठे वाढली?

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या फोर्ट भागात काळा घोडा कला महोत्सव भरतो. १९९९ साली सुरू झालेला हा महोत्सव आता चांगलाच रुळला आहे. रस्त्यावर मांडणीशिल्पे उभी राहतात, डिझाईनचे विद्यार्थी गळ्यात ओळखपत्रे अडकवून फिरतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या रंगून जातात. त्याच परिसरात एल्फिन्स्टन कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे. बाबासाहेब १९१२ साली याच कॉलेजातून बी.ए. झाले. तिथून पायी निघाले की थोड्या वेळात आनंद भवन आणि बुद्ध भवन येते, म्हणजे बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ कॉलेज.

दोन महिन्यांनी एप्रिल उजाडतो. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर अशा नावांच्या शेकडो वस्त्यांत पोरे रात्ररात्र जागून बांबू बांधतात, कमान उभी करतात, अशोकचक्राच्या चोवीस आऱ्या मोजून कापतात, निळ्या कापडावर पांढरी अक्षरे बसवतात. कुणी बारावीत असते, कुणी आयटीआयला, कुणी एखाद्या चित्रकला महाविद्यालयात. यांच्या कामाची बातमी कुठल्या पुरवणीत येत नाही. आली तर वाहतूक कुठून वळवली आहे एवढ्यापुरती येते.

एक कलामहोत्सव, दुसरी वाहतुकीची कोंडी. ही वाटणी कुणी केली, हा आमचा प्रश्न आहे. आणि त्याला जोडून दुसराही प्रश्न आहे, तो घरच्यांना विचारायचा आहे. आमच्या वस्तीतले एखादे मूल वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढू लागले की आईबाप, काका आणि चळवळीतले कार्यकर्तेसुद्धा म्हणतात, चित्र काढून पोट भरत नाही बाबा, एमपीएससी कर. काळजीतून म्हणतात, हे आम्हाला कळते. पण वर 'बाबासाहेबांनी शिका म्हटले होते, नाचा-गा म्हटले नव्हते' असे ऐकवतात, तेव्हा इतिहास समोर ठेवावा लागतो.

आधी कलाशाळेचा इतिहास पाहू. मुंबईची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाली. जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. त्या काळच्या सरकारी विचारात कलाशाळा म्हणजे मोठे चित्रकार घडवण्याचे ठिकाण नव्हते. सुतार, सोनार, कुंभार, लोहार यांच्या मुलांना रेखाटन शिकवावे, म्हणजे देशी कारागिरी सुधारेल आणि माल चांगला निघेल, असा हिशेब होता. १८६५ साली लॉकवुड किपलिंग इथे शिकवायला आले. १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या, तिथे धातुकाम, लाकूडकाम, गालिचे असे विषय होते. कागदावर सारे कारागिरांसाठी. प्रत्यक्षात चित्रकलेच्या वर्गातली बाके हळूहळू शहरातल्या शिकलेल्या मध्यमवर्गीय मुलांनी भरली. कारागिराच्या मुलाला दिवसाची मजुरी बुडवून शाळेत येणे परवडत नव्हते आणि शिकल्यावर मिळणारी ड्रॉइंग मास्तरची नोकरी ज्यांना लिहिता-वाचता येत होते त्यांच्याच कामाची होती.

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. 'कारागीर' या यादीत कोण होते? सोनार होता, तांबट होता, विणकर होता. कातडे कमावणारा ढोर, चपला बांधणारा चांभार, दोर वळणारा आणि केरसुणी बांधणारा मांग यांच्या हातच्या कामाला कला म्हणावे असे कुणाला वाटले नाही. केरसुणी ही काय डिझाईनची वस्तू आहे का? हातात बसणारी, कमी वाकून झाडता येणारी, सुतळी न सुटणारी केरसुणी बांधायला पिढ्यांचे ज्ञान लागते. पण ते ज्ञान ज्या हातात होते त्या हाताचा विटाळ होत होता. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र एकदम जागा झाला. आमची अस्मिता, आमचा वारसा! कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेही सर्वांनी सांगितले. ती चप्पल कुठल्या जातीच्या हातांनी आणि कमावलेल्या कातड्याच्या कसल्या वासात बसून घडवली, हे फार थोड्यांनी सांगितले. वारसा सगळ्यांचा, वास मात्र एकाच वस्तीचा.

१९५८ हे वर्ष आम्हाला फार बोलके वाटते. त्या वर्षी जे.जे.तून उपयोजित कला आणि वास्तुकला यांच्या स्वतंत्र संस्था झाल्या. त्याच वर्षी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला 'इंडिया रिपोर्ट' सादर केला. त्याच्या आधारावर १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. आजही डिझाईनच्या पहिल्या वर्षाला हा अहवाल वाचायला सांगतात आणि त्यातला लोट्यावरचा उतारा तर जवळजवळ पवित्र मानला जातो. आपण ज्याला तांब्या म्हणतो तोच हा लोटा. भारतात पाहिलेल्या साऱ्या वस्तूंत ही सर्वांत सुंदर, असे ईम्स म्हणतात. मग ते प्रश्न विचारत जातात. त्यात पाणी किती मावते, डोक्यावर किंवा कमरेवर घेतला तर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आपटला तर आवाज कसा येतो, त्याची किंमत किती, तो जवळ असणे, विकणे, कुणाला देणे कसे वाटते. एकट्या माणसाने हा लोटा घडवलेला नाही, अनेक पिढ्यांनी घडवला, असेही ते सांगतात. निरीक्षण बारीक आहे, आम्ही ते नाकारत नाही.

पण एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. हा तांब्या कुणी उचलायचा नाही?

महाडला २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांनी ओंजळीने पाणी प्यायले, ते तांब्याचा तोल कसा साधतो हे तपासण्यासाठी नव्हे. या देशात पाण्याच्या भांड्याचा आकार जातीनेही ठरवला आहे. दुरून, वरून धार धरता यावी, ओठ लागू नयेत, ही त्या आकाराची एक गरज होती. शाळेत शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय ज्याला पिता येत नव्हते, त्या विद्यार्थ्याने पुढे देशाची घटना लिहिली. डिझाईनच्या वर्गात तांब्याच्या शेजारी हा प्रसंग ठेवला असता तर धडा पुरा झाला असता. प्रेमानंद गज्वी यांनी 'घोटभर पाणी' ही एकांकिका लिहून ते काम रंगभूमीवर केले. महाविद्यालयांच्या स्पर्धांतून ती किती पोरांनी केली असेल याची गणती नाही.

आणि दुसरे भांडे? पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू. थुंकी जमिनीवर पडू नये, पावलांचा ठसा राहू नये. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये याचा उल्लेख केला आहे. निर्दय हेतूने, पण नेमका विचार करून माणसाच्या अंगावर चढवलेल्या या वस्तू. यांच्यावर कुठल्या अहवालात परिच्छेद नाही. तो परिच्छेद लिहिला नागपूरच्या एका चित्रकाराने. सवी सावरकर, जन्म १९६१, नागपूरला आणि मग बडोद्याला शिकले, पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांच्या चित्रांत, मुद्राचित्रांत गळ्यात मडके घातलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो. मनू येतो, देवदासी येते. अलीकडे प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांची उतरंड रचून मांडणीशिल्पे केली. उतरंड हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. खालच्या मडक्यावर वरच्या सगळ्यांचे ओझे. विक्रोळीतून आलेले विक्रांत भिसे पँथरचा आणि नामांतराचा इतिहास रंगवतात. हे तिघे एकाच पिढीचे नाहीत. तिघेही कलाशाळेत शिकले, पण चित्राचा विषय त्यांना कलाशाळेने दिलेला नाही. तो त्यांनी बरोबर आणला.

तो आला कुठून, हे पाहायला पुन्हा १९५८ कडे यावे लागते. ईम्स यांचा अहवाल आला त्याच वर्षी २ मार्चला दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक अण्णाभाऊ साठे, ज्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. दिल्लीतले सरकार परदेशी तज्ज्ञांना विचारत होते की भारतीय वस्तूचे सौंदर्य कशात आहे, आणि दादरला गिरणी कामगार, शिक्षक, विद्यार्थी एकमेकांना विचारत होते की आमच्या जगण्याची कला कुणी लिहायची. दोन्ही प्रश्न एकाच वर्षीचे. एकातून संस्था, इमारत, अनुदान निघाले. दुसऱ्यातून चळवळ निघाली.

या संमेलनाच्याही आधी औरंगाबादला पाया घातला गेला होता. तिथे थोडे थांबू, कारण आमच्या मते विद्यार्थी आणि कला यांच्या नात्याचा आपला सर्वांत मोठा धडा तिथेच आहे.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे. १९४८ साली ती राजवट संपली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ सालीच स्थापन केली होती. तिने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा राजा मिलिंद, म्हणून मिलिंद महाविद्यालय, आणि उत्तरे देणाऱ्या नागसेनाच्या नावाने परिसर नागसेनवन. नाव ठेवतानाच ठरवले की हे प्रश्न विचारण्याचे ठिकाण आहे. इमारतीचा आराखडा, झाडे, वसतिगृह यात बाबासाहेब जातीने लक्ष घालत. दादरचे राजगृह ज्यांनी पुस्तकांना केंद्रस्थानी ठेवून बांधून घेतले, त्यांना जागेच्या रचनेचे महत्त्व कुणी सांगायला नको होते. (उतारवयात व्हायोलिन शिकणाऱ्या माणसाला 'नाचा-गा म्हटले नव्हते' असे सांगणारे अनुयायी मिळावेत, हेही एक नशीब.)

या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस. जातीने दलित नव्हेत, पण बाबासाहेबांच्या कामात स्वतःला झोकून दिलेले. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी नाटक लिहिले, 'युगयात्रा'. अस्पृश्यांच्या गुलामीचा युगायुगांचा प्रवास त्यात आहे. १९५५ साली मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर केले. १९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात ते अफाट जनसमुदायापुढे झाले.

या दोन तारखांकडे नीट पाहा. १९५५ साली बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली होती. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' पुरा करण्याची घाई होती. वेळ मिनिटामिनिटाने मोजावा लागत होता. त्यातून एक संध्याकाळ त्यांनी कॉलेजच्या पोरांच्या नाटकाला दिली. आणि चळवळीच्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात त्या नाटकाला जागा मिळाली. कला ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे असे त्यांना वाटत असते, तर हे झाले नसते.

'युगयात्रा' पहिले दलित नाटक म्हणून सांगितले जाते. आम्हाला त्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने रस आहे. कॉलेजचे नाटक म्हणजे फक्त चार जणांचे संवाद नव्हेत. ज्यांनी गॅदरिंगला नाटक बसवले आहे त्यांना ठाऊक आहे. एक जण पडदा ओढतो. एक जण घोंगड्या, काठ्या, फेटे उसने आणतो. कुणीतरी पुठ्ठ्याचा राजवाडा रंगवतो आणि पहिल्या रांगेतून तो पुठ्ठा वाटू नये म्हणून रंगात काळा जास्त मिसळतो. कुणी भित्तिपत्रकावर नाटकाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहितो आणि शेवटच्या अक्षराला जागा उरत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत लिहितो. ज्या मुलाला गावात चावडीच्या पायरीवर बसू देत नव्हते, तो इथे शंभूकाच्या बाजूने उभा राहतो की त्याला मारणाऱ्याच्या, हे पात्र वाटताना ठरत असते. एकाच मंचावर राजाही आपणच व्हायचे आणि गुलामही आपणच, हा अनुभव कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. नागसेनवनातली वसतिगृहातली मुले एकमेकांच्या बोलीची टिंगल करत करत ती बोली मंचावर कशी वापरायची हे शिकली. प्रमाण मराठीत रडता येत नाही, हा शोध पुढे दलित आत्मकथनांनी जगाला दाखवला. त्याची तालीम अशा मंचांवरच झाली, असे आमचे म्हणणे आहे.

पुढचे सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून आले, तिकडच्या काळ्या लेखकांचे साहित्य त्यांनी इथल्या तरुणांसमोर ठेवले. याच महाविद्यालयात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली 'अस्मिता' काढले, तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि वस्त्या पेटवल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षे, लाँग मार्च, गाणी, पथनाट्ये आणि भिंतीवरची अक्षरे यांनी ती लढाई जिवंत ठेवली. त्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात रुस्तुम अचलखांब यांनी जलसा आणि तमाशा वर्गात आणला. ज्या कलाप्रकाराला मांगवाड्यातला म्हणून हिणवले जात होते, तो अभ्यासक्रमात बसला. याला किती वर्षे लागली ते मोजा.

जलशाचे नाव निघाले म्हणून सांगतो. सत्यशोधक जलशांच्या वाटेवरून नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. दिवसा काम करणारी तरुण पोरे रात्री ढोलकी-तुणतुणे घेऊन गावोगाव जात. गण होता, पण त्यात गणपती नव्हता. गौळणीची जागा सवाल-जवाबाने घेतली. जुना साचा घ्यायचा, त्यातला देव काढायचा, तिथे माणूस बसवायचा. डिझाईनच्या वर्गात याला फार मोठा शब्द सापडेल. आमच्या आज्यांनी त्याला 'आपला तमाशा' म्हटले. वामनदादा कर्डक तर मोठेपणी अक्षरओळख झालेले. मुळाक्षरे गिरवल्यावर जोडाक्षरे ते मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले, असे त्यांच्याबद्दल सांगतात. रस्त्यावरची पाटी हीच शाळा आणि पाटी रंगवणारा पेंटर हाच न भेटलेला मास्तर.

हे पेंटर आम्हाला महत्त्वाचे वाटतात. आंबेडकर जयंती १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी सुरू केली. तेव्हापासून आजवर जयंती हे वस्तीतले सर्वांत मोठे कलाकेंद्र आहे, कुणी मान्य करो वा न करो. फ्लेक्स येण्याआधी प्रत्येक वस्तीत एक पेंटर असे. त्याच्या हाताखाली दोन-तीन शाळकरी पोरे. आधी कापडाला खळ लावायची. दोरी चुन्यात बुडवून टणकन सोडली की सरळ रेघ उमटते. मोठ्या चित्रासाठी फोटोवर पेन्सिलीने चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर पाडायच्या, मग एकेक घर भरत जायचे. बाबासाहेबांचा चष्मा आधी काढायचा नाही, आधी कपाळ, कारण कपाळ चुकले की माणूस चुकतो. निळा कुठला? मैलकुलीच्या गाडीवरचा नव्हे, शाळेच्या गणवेशाचाही नव्हे. तो निळा रंग डब्यातून तसाच येत नाही, त्यात पांढरा किती टाकायचा यावर वाद व्हायचे. प्रमाण, अक्षरवळण, रंगसंगती, दुरून वाचता येणे, मिरवणूक कुठून वळणार आणि कमान किती उंच हवी, वर्गणी किती आणि त्यात काय बसते, हे सारे ही पोरे शिकत होती. पदवीच्या कागदावर त्याला व्हिज्युअल कम्युनिकेशन म्हणतात.

फ्लेक्स आला आणि हे मोडले. आता एका दुकानात एकच साचा असतो. वर बाबासाहेब, खाली नगरसेवक, कडेला इच्छुकांचे गोल गोल चेहरे. चेहरा बदलला की पाटी बदलली. वर्गणीचा मोठा हिस्सा डीजेला जातो आणि चित्र काढणारे पोर मिरवणुकीत बाजूला उभे राहून मोबाईलवर शूटिंग करते. याला प्रस्थापितांनी भाग पाडलेले नाही, हे आपण केलेले आहे. जयंती मंडळांच्या अध्यक्षांना राग आला तरी चालेल.

शासकीय रेखाकला परीक्षांचेही असेच. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट, गावखेड्यातल्या मुलापर्यंत पोचणारी कलेची बहुधा हीच एक सरकारी वाट. त्यात वस्तुचित्र असते : तांब्या, वाटी, एखादे फळ, मागे कापड. म्हणजे ईम्स यांचा लोटा महाराष्ट्रातले प्रत्येक पोर काढतेच. आणि स्मरणचित्र असते. आठवून काढा : जत्रा, बाजार, मिरवणूक. कुणाच्या आठवणीतली मिरवणूक? आमच्या ओळखीच्या एका मुलीने मिरवणूक म्हणून निळे झेंडे काढले, तर सरावाच्या वर्गात तिला सांगण्यात आले की परीक्षेत गणपतीची काढ, ती सुरक्षित. तिने गणपतीची काढली आणि चांगली श्रेणी मिळवली. आम्ही तिला दोष देत नाही. पण स्मरणचित्रात आपले स्मरण पुसून दुसऱ्याचे भरायला ज्या वयात शिकवले जाते, ते वय तेरा-चौदा आहे.

पुढे ती कलाशाळेत जाईल तेव्हा दारात पैसा उभा असेल. रंग, कॅनव्हास, कागद, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, प्रदर्शनाची चौकट, प्रदर्शन बघायला जाण्याचे गाडीभाडे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली. आज ती कधी जमा होते हे विद्यार्थ्यांना विचारा. वर्ष संपताना आलेल्या पैशाने सप्टेंबरातल्या असाइनमेंटचा कागद विकत घेता येत नाही. चित्रकलेचा विद्यार्थी पुस्तक ग्रंथालयातून आणू शकतो, रंग नाही आणू शकत. ज्याच्याकडे रंग नाही त्याचे काम 'कच्चे' दिसते आणि परीक्षक म्हणतात, पोरगा हुशार आहे पण मेहनत कमी पडते.

२०२३ साली जे.जे.च्या संस्थांचे मिळून अभिमत विद्यापीठ झाले. सरकारी कलाशाळेचे असे रूपांतर होते तेव्हा पहिल्या दिवसापासून दोन कागद हातात घ्यायचे असतात : फी किती आणि राखीव जागा प्रत्यक्षात किती भरल्या. विद्यार्थी संघटनांनी दर प्रवेशाच्या हंगामात माहिती अधिकारात हे मागावे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागांसाठी आपण रस्त्यावर उतरतो, कलाशाळेच्या जागांसाठी अर्ज लिहायलाही कुणी बसत नाही.

जयंती मंडळांनाही एक सांगणे आहे. वर्गणीतला एक ठरलेला वाटा वस्तीतल्या कलाविद्यार्थ्यांच्या साहित्यासाठी काढून ठेवा आणि कमान त्यांनाच करू द्या. वाईट झाली तरी चालेल, पुढच्या वर्षी चांगली होईल. १४ एप्रिलच्या आधीचा आठवडा विहारात चित्रांचे प्रदर्शन लावा, खिळे आणि सुतळी पुरते. 'युगयात्रा' किंवा 'घोटभर पाणी' गॅदरिंगला बसवा. अनेक महाविद्यालयांत गॅदरिंगच बंद झाली आहेत किंवा प्रायोजकाच्या बॅनरखाली फॅशन शो झाली आहेत. तिथे प्राचार्यांना निवेदन द्या, प्रत घ्या, आवक क्रमांक घ्या.

आमच्या बाजूने आम्ही एक काम हाती घेतले आहे. नागसेनवन, सिद्धार्थ कॉलेज आणि वस्त्यांतली मंडळे यांच्या गॅदरिंगच्या, नाटकांच्या, जयंतीच्या देखाव्यांच्या जुन्या खुणा गोळा करायच्या. १९५० ते १९९० या काळातले कार्यक्रमपत्रिकेचे चिटोरे, वार्षिकांकांची मुखपृष्ठे, सायक्लोस्टाईल पत्रके, भित्तिपत्रकासमोर उभे राहून काढलेले फोटो. हे कुठल्याही सरकारी संग्रहालयात नाही. ते निवृत्त शिक्षकांच्या, बँकेतल्या कारकुनांच्या, गिरणीतून सुटलेल्या बापांच्या लोखंडी पेटीत आहे. बऱ्याच ठिकाणी वाळवीने खाल्ले, बऱ्याच ठिकाणी झोपडपट्टी हटवताना गेले. ज्यांच्या घरी असेल त्यांनी फोटो काढून ठेवा, मूळ कागद कोरड्या जागी प्लास्टिकऐवजी कापडात गुंडाळा आणि घरातले म्हातारे माणूस जिवंत आहे तोवर त्याला शेजारी बसवून विचारा : पडदा कुणी रंगवला होता? नाव सांगितले की फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा, शाईने नको, शाई पुढच्या बाजूला उतरते.